काडीमोडानंतर : पोटगीपासून शुश्रूषेपर्यंत



ज्या बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी १९६० ते १९६३ अशी तीन वर्षे शिकलो. व्याख्यानाचे निमंत्रण आले, तेव्हा बडोद्यातील मराठी ग्रंथव्यवहार हा माझ्या नित्याच्या अभ्यासातला विषय घ्यावा, असे प्रथम मनात आले होते. तो बाजूला ठेवून मी आज एका निराळ्याच प्रश्नाचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. विवाह विधिपूर्वक मोडला, दोघे आपापल्या वाटेने गेले, आणि पुढे उतारवयात त्यांतील एकजण आजारी व एकाकी झाला, तर त्याची काळजी कोणी घ्यावी? दुसऱ्याला ती घ्यावीशी वाटली, तर त्याने कोणत्या दाराशी जावे?

प्रश्न माझ्या घरचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. १९८९ साली माझा विवाह न्यायालयात परस्परसंमतीने संपुष्टात आला. आम्हाला अपत्य नव्हते. दोघांनीही पुन्हा संसार मांडला नाही. एकेकाळी घरात ज्यांचा उल्लेख मी ‘ती’ असा करीत असे, त्यांना आज ‘त्या’ म्हणावे लागते. मराठी सर्वनामांनीही आमच्या विच्छेदाची नोंद घेतली आहे. त्या याच शहरात राहतात. त्यांचे बंधू निवर्तले. भाचा परदेशी असतो व नियमाने पैसे पाठवितो. सुमारे तीन वर्षांपूर्वी त्यांच्या शेजारणीचा मला दूरध्वनी आला. बाई गॅस उघडा ठेवून फिरावयास जातात, दूधवाल्याला एका दिवसात दोनदा पैसे देतात, आपलाच जिना विसरतात, असे तिने सांगितले. मी त्यांना शहरातील एका रुग्णालयात नेले. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी अर्ज पुढे सरकवून विचारले, ‘आपण त्यांचे कोण?’ ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात मी खरे ते लिहिले. त्यांनी ते वाचले, अर्ज परत केला आणि ‘नातेवाइकाला घेऊन या’ असे सांगितले. त्या बाजूच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन शांतपणे बसल्या होत्या.

हे जाहीरपणे सांगण्यास त्यांची हरकत नाही ना, हे मी त्यांना दोन वेगवेगळ्या दिवशी विचारले आहे. दोन्ही दिवशी त्यांनी एकच उत्तर दिले, ‘नाव घेऊ नका, बाकी सांगा.’

मी भाषेचा विद्यार्थी. तेव्हा शब्दांपासून आरंभ करतो. विवाह मोडण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. काडीमोड आहे, सोडचिठ्ठी आहे, फारसीच्या वाटेने आलेली फारखत आहे. आपल्या शेजारच्या गुजरातीत ‘छूटाछेडा’ म्हणतात. लग्नात बांधलेल्या वस्त्रांचे छेडे, म्हणजे पदर, सुटले. सोडलेल्या स्त्रीसाठी बोलीत ‘टाकलेली’ हा क्रूर शब्द आहे आणि लिखित भाषेत ‘परित्यक्ता’ हा सभ्य शब्द आहे. तिला मिळणाऱ्या पैशासाठी ‘पोटगी’ आहे. परंतु विवाह मोडल्यानंतरही एकाने दुसऱ्याची शुश्रूषा करावी, या व्यवहारासाठी शब्द नाही. ज्याला शब्द नाही, त्याला अर्जात रकानाही नसतो.

धर्मशास्त्राने या प्रश्नाला अर्धा हात घातला होता. याज्ञवल्क्यस्मृतीत पुरुषाने दुसरा विवाह केल्यास पहिल्या पत्नीचे भरणपोषण करणे हे त्याचे कर्तव्य मानले आहे. मात्र तेथे विवाह मोडलेलाच नाही. पत्नी बाजूला सारली गेली आहे, एवढेच. उलट महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड आणि पाट ही दोन्ही रूढीने मान्य होती. आर्थर स्टील याने दख्खनेतील जातींचे कायदे व रूढी यांचे संकलन १८२७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात अशा चालींच्या नोंदी आहेत. जातपंचायतीपुढे संबंध तुटे, देणेघेणे फिटे आणि स्त्री दुसरा संसार मांडू शके. ज्यांना आपण उच्च म्हणवून घेत होतो, त्या जातींत मात्र पत्नीला टाकता येई, मोकळे करता येत नसे.

या कोंडीला न्यायालयात पहिला मोठा धक्का दिला तो रखमाबाईंनी. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने मोठेपणी दादाजी भिकाजी या पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर १८८७ मध्ये मात्र ‘नांदावयास जा, अन्यथा सहा महिने कैद भोगा’ असा हुकूम झाला. त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दर्शविली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. म्हणजे सुटकेचे मोल स्त्रीने मोजले. रखमाबाई पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी आपले आयुष्य आपल्याच गुजरातेत, सुरतेस व राजकोटास, स्त्रियांच्या रुग्णसेवेत वेचले. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर त्यांनी वैधव्याची पांढरी साडी नेसावयास प्रारंभ केला, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. जो संबंध त्यांनी कैदेच्या धमकीपुढेही मानला नाही, त्याच्या शेवटी त्यांनी ही साडी का स्वीकारावी? लोकरूढीची भीती म्हणावी, तर ती त्यांना कधीच नव्हती. मला वाटते, कायद्याच्या भाषेत न बसणारे काही तरी त्यात होते. माझ्या तरुणपणी मला ही गोष्ट विसंगत वाटत असे. आता वाटत नाही.

बडोदेकरांना अभिमान वाटावा असा टप्पा यानंतर येतो. सयाजीराव महाराजांच्या सरकारने १९०४ मध्ये बालविवाहाला प्रतिबंध केला आणि १९३१ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. क्रौर्य, परित्याग, व्यसन अशा कारणांवरून स्त्रीलाही विवाहविच्छेद मागता येऊ लागला. मुंबई प्रांताला असा कायदा करण्यास १९४७ साल उजाडावे लागले आणि देशाला १९५५. योगायोग असा, की ज्या वर्षी हिंदू विवाह कायदा आला, त्याच १९५५ मध्ये रखमाबाईंचे निधन झाले.

या कायद्यांनी माणसाला मोकळे होण्याचा हक्क दिला आणि तो अमोल आहे. मी स्वतः त्याचा लाभ घेतला आहे. त्याविषयी खंत करण्यासाठी मी येथे उभा नाही. परंतु मोकळे झालेल्या माणसाचे पुढे काय, या प्रश्नाला कायद्याने एकच उत्तर दिले : पैसा. १९५५ च्या कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने पती किंवा पत्नी, कोणालाही कायम पोटगी मागण्याची मुभा दिली. १८९८ च्या फौजदारी संहितेचे ४८८ वे कलम पत्नीला पोटगी देत होते. १९७३ च्या नव्या संहितेतील १२५ व्या कलमाने ‘पत्नी’ या शब्दात घटस्फोटित स्त्रीचाही अंतर्भाव केला. हे पाऊल फार महत्त्वाचे होते. मात्र महिना पाचशे रुपयांची कमाल मर्यादा तशीच राहिली. ती २००१ मध्ये निघाली. २०२४ पासून तीच तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे.

पोटगीचा हा इतिहास ज्या खटल्याने देशभर गाजला, तो आपल्यासारख्याच एका जुन्या मराठी वस्तीच्या शहरातला, इंदूरचा. १९३२ मध्ये विवाह झालेल्या शहाबानो या स्त्रीला त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर घराबाहेर पडावे लागले. १९७८ मध्ये तिने अर्ज केला, आणि त्याच वर्षी पतीने तलाक दिला. दंडाधिकाऱ्याने महिना पंचवीस रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचा हक्क मान्य केला. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे मराठीच. त्या निकालावरून झालेले राजकारण, १९८६ चा कायदा आणि २००१ मधील सर्वोच्च न्यायालयाचा त्यावरील निकाल, यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला त्या २० पैशांकडे लक्ष वेधावयाचे आहे. न्यायालय पैशापर्यंत काटेकोर हिशेब करू शकते. साठी ओलांडलेल्या त्या स्त्रीला औषध वेळेवर कोण देईल, रात्री कोण उठवील, याचा हिशेब करण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. पोटगी ही नावाप्रमाणे पोटापुरतीच असते.

शुश्रूषेचा इतिहास न्यायालयांत नाही. तो संस्थांत आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावी मुक्ती सदन उभारले. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचा उपक्रम सुरू केला. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढले व तेथून स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट मिळाली. बडोद्यात १९१४ मध्ये महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय निघाले. या संस्थांत एक समान सूत्र दिसते. दाराशी आलेल्या बाईला ‘तू कोणाची कोण?’ हा प्रश्न अखेरचा होता. ‘तुला काय हवे आहे?’ हा पहिला. आणि ज्यांची शुश्रूषा करावयास कोणी नव्हते, अशाच स्त्रियांतून दुसऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका घडल्या. १९८८ मध्ये संगमनेर येथे परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली, तिच्या मुळाशीही हेच होते. टाकलेली स्त्री ही कोणाची तरी पत्नी म्हणून नव्हे, तर एक नागरिक म्हणून बोलू लागली.

या वृत्तीला शास्त्राचे रूप मिळाले ते समाजकार्याच्या शिक्षणाने. १९३६ मध्ये मुंबईत टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने समाजकार्याचे देशातील पहिले विद्यालय निघाले. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. औषध लिहून देणारा डॉक्टर आणि ते घेणारा रुग्ण यांच्यामध्ये रुग्णाचे घर असते, त्या घरात जाऊन पाहणारा कोणी तरी हवा, ही जाणीव त्यामागे होती. आपल्या विद्यापीठाची स्थापना १९४९ ची, आणि समाजकार्याची विद्याशाखा तेथे अगदी आरंभीच्या काळात निघाली. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ या अर्थाच्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ असे शब्द यावेत, असा आग्रह धरणाऱ्या त्या याच. नाते, लिंग, कुल यांच्या आधी माणूस पाहावा, हे त्या शब्दबदलाचे मर्म. समाजकार्याचेही मर्म तेच.

आता पुन्हा त्या बाकाकडे येतो. अर्ज परत घेऊन मी उभा होतो, तेव्हा शेजारच्या खोलीतून एक तरुण मुलगी बाहेर आली. ती तेथील समाजकार्यकर्ती. तिने अर्ज पाहिला आणि माझ्याशी न बोलता सरळ बाकावर जाऊन बसली. काही वेळाने मी जवळ गेलो, तेव्हा ती गुजरातीत म्हणाली, ‘काका, तुम्ही जरा बाहेर थांबा. मला आधी यांच्याशी एकटीने बोलायचे आहे.’ मी दुखावलो, हे कबूल करतो. मदतीस आलेल्या माणसालाच बाहेर घालवितात, असे वाटले. पुढे तिनेच मला समजावून दिले. विभक्त झालेला जोडीदार परत येतो, तेव्हा तो मायेने आला की घर, दागिने, जुना हिशेब यांसाठी आला, हे दाराशी कळत नाही. एकाकी वृद्धेला त्याची भीती वाटत असेल, तर ती त्याच्यादेखत सांगणार नाही. ज्याची काळजी घ्यावयाची, त्याची इच्छा आधी विचारावयाची, हा त्यांच्या शास्त्राचा पहिला धडा. मी उभ्या आयुष्यात पुष्कळांना शिकविले. हा धडा मात्र मला त्या बाकाजवळ मिळाला.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली. औषधांच्या पट्ट्यांतील उरलेल्या गोळ्या मोजल्या, स्वयंपाकघर पाहिले, न भरलेली वीजबिले बाजूला काढली, शेजारणीशी बोलली, भाच्याला दूरध्वनी लावला. मग तिने त्यांना विचारले, ‘उपचारांच्या बाबतीत तुमच्या वतीने यांनी बोललेले तुम्हाला चालेल का?’ त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, ‘विचार करायला दोन दिवस द्या.’ ते दोन दिवस मला १९८९ च्या सहा महिन्यांच्या मुदतीहून लांब वाटले.

येथे आजच्या कायद्याची दोन अंगे सांगणे अवश्य आहे, कारण श्रोत्यांतील कोणाला तरी त्यांची गरज पडेल. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा नाते पाहून चालतो. त्याने कर्तव्य घातले आहे ते अपत्यांवर. आणि अपत्य नसेल तर ज्या वारसाच्या ताब्यात त्या ज्येष्ठाची मालमत्ता आहे किंवा पुढे येणार आहे, त्याच्यावर. पूर्वीचा पती त्यात कोठेही बसत नाही. मानसिक आरोग्यसेवेचा २०१७ चा कायदा मात्र व्यक्तीची इच्छा पाहतो. स्मृती व स्थलकालाचे भान यांतील गंभीर बिघाड त्याच्या कक्षेत येतो. त्याच्या चौदाव्या कलमान्वये कोणत्याही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतो. तो नातेवाईक असावा, अशी अट नाही. तो सज्ञान व हे काम करण्यास समर्थ असावा आणि त्याने लेखी संमती द्यावी, एवढे पुरे. नेमणूक साध्या कागदावर लिहून सही करावी किंवा अंगठा उठवावा, असे कायदाच सांगतो. कोणी नेमलेले नसेल तर आधी नातेवाईक, मग प्रत्यक्ष काळजी घेणारा, मग मंडळाने नेमलेली योग्य व्यक्ती, आणि कोणीच नसेल तर समाजकल्याण खात्याचे संचालक, असा क्रम आहे. मात्र हा अधिकार उपचारांपुरताच आहे. बँकेचे खाते व घर यांना तो लागू नाही. समज गेल्यावर त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून हा कागद स्मृती शाबूत असतानाच करावा. उशीर झाला की इच्छा असूनही ती सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः कागद मागितला. लिहिता लिहिता एकदा थांबून तारीख विचारली. माझे नाव पूर्ण लिहिले. नात्याविषयी काही लिहिले नाही. सही तीच, जी पूर्वी दोन कागदांवर मी पाहिली होती, विवाहनोंदणीच्या आणि विच्छेदाच्या अर्जावर. तोच कागद घेऊन आम्ही पुन्हा त्या खिडकीशी गेलो आणि अर्ज स्वीकारला गेला.

सगळे सुरळीत झाले, असे मी सांगणार नाही. दिवसा एक मदतनीस बाई असते, तिचा पगार भाचा देतो. रात्रीचा प्रश्न सुटलेला नाही. मी त्या घरी राहणे त्यांना मान्य नाही, आणि त्यांचा नकार मला मान्य आहे. काही दिवस त्या मला ओळखतात, काही दिवस बँकेतला माणूस समजून चहा देतात. मी तो घेतो.

मित्रहो, शेवटी एक सूचना. आपल्या शाळेचे शेकडो माजी विद्यार्थी या शहरात साठीपलीकडचे आहेत. मुले परगावी, परदेशी. कित्येक एकटे, कित्येक विभक्त, कित्येक अविवाहित. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक आहे, जिल्हा समाज सुरक्षा कार्यालय आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळते. परंतु तेथवर पोहोचविणारे माणूस लागते. माजी विद्यार्थी मंडळाने एक नोंदवही घालावी. जे एकटे राहतात त्यांची नावे त्यात असावीत, आणि प्रत्येकापाशी आठवड्यातून एकदा जाणारे कोणी तरी असावे. समाजकार्याच्या विद्याशाखेतील प्राध्यापकांना बोलावून या मंडळींना दोन दिवसांचे शिक्षण द्यावे. खर्च फारसा नाही.

त्या नोंदवहीत ‘नाते’ हा रकाना असावा की नाही, असा वाद निघाला तर बाईंची आठवण करावी. माझ्या वर्गात एक मुलगा होता. आई त्याला सोडून गेली होती, वडील कोठे होते हे ठाऊक नव्हते, आणि शेजारची एक म्हातारी त्याला वाढवीत होती. प्रवेशाच्या दिवशी मी आईचा हात धरून रांगेत त्याच्या मागे उभा होतो. लेखनिकांनी ‘पालकाशी नाते काय लिहू?’ असे विचारले. बाईंनी त्यांच्या हातून टाक घेतला आणि त्या रकान्यात स्वतः लिहिले : ‘सांभाळणार’.